नाव कुणाचे, धंदा कुणाचा?



या वेळचा विषय रुक्ष आहे, हे आधीच कबूल करतो. छोट्या धंद्याची मालकी सरकारदरबारी कशी नोंदवतात, त्यात बदल झाला तर तो किती दिवसांत कळवायचा आणि वर्षाचे कागद कोणत्या मुदतीत भरायचे, हा तो विषय. बी.कॉम.ला असताना कंपनी कायद्याचा पेपर आम्हीसुद्धा कसाबसा काढला होता, तेव्हा कुणाला कंटाळा आला तर आमची तक्रार नाही. पण गेल्या वर्षभरात याच एका विषयापायी कर्जत-खालापूर भागातली चार घरे आमच्याकडे आली. चारही आपलीच. त्यातल्या दोन घरांची हकिगत, नावगाव न सांगता, येथे देत आहोत.

दिवसा आम्ही कारकुनी करतो. रविवारी सकाळी विहारात वंदना आटोपली की लोक कागद घेऊन बसतात. कुणाच्या रेशनकार्डात नावाचा घोळ, कुणाची पेन्शन अडलेली, कुणाचा जात पडताळणीचा अर्ज परत आलेला. अशाच एका रविवारी खोपोलीजवळच्या वस्तीतली एक माउली आपल्या मुलाला घेऊन आली. प्लास्टिकच्या पिशवीत बँकेची तीन पत्रे आणि जीएसटी खात्याची एक नोटीस. मुलगा सव्वीस वर्षांचा, मान खाली. माउली म्हणाली, ‘भाऊ, ह्याला कुणी मालक केला, तेवढं वाचून सांगा.’

आम्ही वाचले. मुलगा एका भागीदारी संस्थेचा भागीदार होता. साधासुधा नव्हे, ५१ टक्क्यांचा. संस्था कारखान्यांना कामगार आणि गाड्या पुरवते असे कागद सांगत होते. तिच्या नावावर बँकेचे कर्ज होते, ते थकले होते, आणि जीएसटीची विवरणपत्रे कित्येक महिने भरलेली नव्हती. या ५१ टक्क्यांच्या मालकाच्या पायात स्लीपर होती आणि तो सावरोलीच्या बाजूला एका ठेकेदाराकडे सुपरवायझर म्हणून पगारावर होता.

झाले होते ते असे. २०२१ साली ठेकेदाराने त्याला बोलावून सांगितले, ‘तुझ्या नावाने फर्म काढू. तू ५१, मी ४९. तुला काही करायचं नाही, सह्या करायच्या. महिन्याला सहा हजार वेगळे देईन.’ मुलाने आधारकार्ड दिले, पॅनकार्ड दिले, जातीचा दाखला दिला, आणि कोऱ्या चेकबुकावर पानोपान सह्या करून दिल्या. जीएसटीच्या नोंदणीत मोबाइल नंबर ठेकेदाराचा. भागीदारीचा करारनामा त्याने एकदा पाहिला होता, त्याची प्रत मात्र त्याच्याकडे नव्हती. सहा हजार वर्षभर मिळाले, मग बंद झाले.

आम्ही आधी त्याला रागावलो, हे लपवत नाही. मग घरी आल्यावर वाटले, रागावण्याचा अधिकार आपल्याला किती? त्याला हे शिकवले कुणी होते? त्याच्या घरात याआधी धंद्याच्या कागदावर कुणी सही केली नव्हती. बापाने तीस वर्षे कारखान्यात हजेरीच्या रजिस्टरावर सही केली, तेवढीच.

ठेकेदाराला ५१ टक्क्यांचीच हौस का, हे समजून घेतले पाहिजे. सरकारी कंपन्या आणि केंद्राची खाती यांनी आपल्या वार्षिक खरेदीतला २५ टक्के भाग सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावा, आणि त्यातला ४ टक्के भाग अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून घ्यावा, असा केंद्र सरकारचा नियम आहे. हा आदेश २०१२ चा. तेव्हा २० टक्के होते ते २०१८ साली २५ झाले. अशा उद्योगांना टेंडरचा फॉर्म फुकट मिळतो आणि बयाणा रक्कम भरावी लागत नाही. भागीदारी असेल तर अनुसूचित जाती-जमातीच्या भागीदारांचा हिस्सा किमान ५१ टक्के हवा, आणि प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर शेअरही ५१ टक्के त्यांचेच हवेत. ५ एप्रिल २०१६ रोजी सुरू झालेली ‘स्टँड अप इंडिया’ योजना २०२५ पर्यंत चालली. तिच्यातही १० लाख ते १ कोटीपर्यंतच्या कर्जासाठी हीच ५१ टक्क्यांची अट होती. केंद्राच्या सवलतींची दारे आपल्या बौद्ध बांधवांना १९९० साली, अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती झाली तेव्हा उघडली. म्हणजे तो दाखला हातात यायला मोर्चे, निवेदने आणि कितीतरी वर्षे लागली. त्या दाखल्याची किंमत ठेकेदाराला बरोबर कळली. आमच्या पोराने तो महिना सहा हजाराला भाड्याने दिला.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. भारतीय भागीदारी कायदा १९३२ चा आहे. त्याच्या २५व्या कलमाप्रमाणे संस्थेच्या देण्याला प्रत्येक भागीदार एकत्रितपणे जबाबदार आहे आणि एकट्यानेही जबाबदार आहे. बँकेला मन मानेल त्या भागीदाराकडून पूर्ण रक्कम मागता येते. ४९ टक्केवाल्याकडून ४९ आणि ५१ टक्केवाल्याकडून ५१, असा हिशेब भागीदारांचा आपापसातला; बाहेरच्या देणेकऱ्याला तो लागू नाही. ठेकेदाराचा बंगला त्याच्या बायकोच्या नावावर. बँकेचा माणूस मग साहजिकच आमच्या पोराच्या दारात उभा राहिला. त्याला स्वतःची रिक्षा घ्यायची होती, तो कर्जाचा अर्ज नामंजूर झाला, तेव्हा कुठे घरात हे प्रकरण कळले. तोवर आलेली पत्रे त्याने गादीखाली ठेवली होती.

‘पण मी काही केलंच नाही,’ असे तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. कायद्याच्या दृष्टीने त्याने पुष्कळ केले होते. बँकेत खाते उघडताना ‘लाभार्थी मालक कोण’ असा एक छापील कागद भरून घेतात. काळा पैसा रोखण्याच्या कायद्याखालचे हे नियम आहेत. भागीदारी संस्थेच्या भांडवलात किंवा नफ्यात १० टक्क्यांहून जास्त वाटा असलेला प्रत्येक खरा माणूस त्यात लिहावा लागतो. पूर्वी ही मर्यादा १५ टक्के होती, २०२३ साली ती १० वर आली. त्या कागदावर आमच्या पोराने स्वतःच्या सहीने लिहून दिले होते की, मालक मी आहे. आता तो तोंडाने म्हणतो की मालक मी नाही. दोन्हींपैकी कोणते खोटे ठरले तरी अडचण त्याचीच.

दुसऱ्याच्या पैशाने, दुसऱ्याच्या फायद्यासाठी, आपल्या नावावर मालमत्ता ठेवणे याला बेनामी म्हणतात. हा कायदा १९८८ चा, पण त्याला खरे दात आले ते १ नोव्हेंबर २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने. शिक्षा एक ते सात वर्षे सक्तमजुरी, शिवाय मालमत्तेच्या बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड, आणि मालमत्ता जप्त. ही शिक्षा पैसा लावणाऱ्याला आहे तशी नाव देणाऱ्यालाही आहे. ‘मी गरीब, मला कोण विचारतो’ हा भ्रम सोडून द्यावा. गरिबाचेच नाव कागदावर असते, म्हणून आधी गरिबालाच विचारतात.

आमच्या भागातल्या लोकांना ही गोष्ट जमिनीच्या उदाहरणाने चटकन कळते. महाराष्ट्रात जो शेतकरी नाही त्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. मुंबईचा शेठ नदीकाठी फार्महाऊस बांधायला येतो आणि गावातल्या एखाद्या सातबारावाल्याला पुढे करून जमीन घेतो, हे नेरळपासून चौकपर्यंत कुणाला ठाऊक नाही? सातबारावर नाव एकाचे, तारेच्या कुंपणाची किल्ली दुसऱ्याकडे. खरे तर आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न फार जुना आहे. खोताच्या दप्तरात नाव एकाचे आणि चिखलात पाय दुसऱ्याचे, ही कुलाबा जिल्ह्याची त्या काळची स्थिती. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, ते कसणाऱ्याचा हक्क कागदावर यावा म्हणून. तेव्हा कष्ट आपले होते आणि नाव नव्हते. आता नाव आपले असते आणि धंदा नसतो. दोन्ही वेळा पिकाचे दाणे दुसऱ्याच्याच कणगीत.

या निमित्ताने कुणी घाबरून जाऊ नये, म्हणून एक खुलासा. वडापावची गाडी, शिलाईचे दुकान, सलून, भाजीचा गाळा, स्वतःची रिक्षा, असा एकट्याच्या नावाचा आणि खरोखर एकट्याचाच धंदा असेल, तर मालकीचा वेगळा अहवाल कुठेही द्यावा लागत नाही. तुमचे पॅन हीच मालकाची ओळख. दुकानात थोडीच माणसे कामाला असतील तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे, धंदा सुरू झाल्यापासून ६० दिवसांत फक्त सूचना द्यायची असते. माणसे जास्त असतील तर रीतसर नोंदणी. ‘उद्यम’ नोंदणी सरकारी संकेतस्थळावर पूर्ण फुकट आहे. तिच्यासाठी तीन-तीन हजार घेणारे महाभाग आम्हाला माहीत आहेत. त्यांना एकदा विचारा की, पावती देता का?

भानगड सुरू होते ती धंद्यात दुसरा माणूस आला की. भागीदारीच्या नोंदणीसाठी राज्यात फर्म्सचे निबंधक आहेत. नोंद नसलेल्या संस्थेला कराराच्या पैशासाठी बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही, म्हणून नोंद करावीच. नोंदलेल्या संस्थेत भागीदार आला, गेला किंवा पत्ता बदलला, तर महाराष्ट्रात ९० दिवसांच्या आत निबंधकाला कळवायचे. जीएसटी असेल तर भागीदार बदलल्याचे १५ दिवसांत तेथे कळवायचे. आणि भागीदारी संस्थेला तोटा झाला तरी आयकराचे विवरणपत्र भरावेच लागते. ‘धंदाच नाही झाला, मग काय भरायचं’ हे येथे चालत नाही. जीएसटीचेही तसेच. उलाढाल शून्य असली तरी विवरणपत्र भरायचे, नाहीतर शून्यावरसुद्धा दिवसाला २० रुपये विलंब शुल्क चढते.

दुसरे घर कर्जत तालुक्यातले. तेथे नाव उसने दिलेले नव्हते, सगळे खरे होते. तीन मैत्रिणी बचत गटातून पुढे आलेल्या, मसाले आणि पापड करणाऱ्या. हाताला चव आहे, आम्ही खाल्ले आहे. गावोगावच्या प्रदर्शनांत त्यांचा माल संपत असे. कुण्या सल्लागाराने त्यांना सांगितले की गट काय करता, कंपनी काढा, कंपनी म्हटले की बँक उभी राहते. पंधरा हजार घेऊन त्याने प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढून दिली. तिघी संचालक झाल्या. त्याचे प्रमाणपत्र फ्रेम करून बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी लावले. सल्लागाराने नंतर फोन घेणे सोडले.

कंपनी म्हणजे कायद्याने जन्माला घातलेले मूल आहे. ते काही न करता झोपून राहिले तरी दरवर्षी त्याची हजेरी लावावी लागते, हे त्या तिघींना कुणी सांगितलेच नाही. एक रुपयाची विक्री नसली तरी हिशेब तपासनीस नेमावा लागतो. मार्चअखेर वर्ष संपले की ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सभा घ्यायची. सभेपासून ३० दिवसांत ताळेबंदाचा फॉर्म, एओसी-४. सभेपासून ६० दिवसांत वार्षिक विवरण, एमजीटी-७, छोट्या कंपनीला ७-ए. त्यात शेअर कुणाकडे किती, संचालक कोण, हे सगळे येते. मुदत चुकली की दर फॉर्ममागे दर दिवशी १०० रुपये. २०१८ च्या जुलैपासून हा दर आहे आणि त्याला वरची मर्यादा नाही. दोन फॉर्म म्हणजे दिवसाला २००, वर्षाला ७३ हजार. तिघींनी दोन वर्षांचे भरले नव्हते. आम्ही कॅल्क्युलेटरवर आकडा काढला आणि त्यांच्याकडे पाहवेना. एकीने विचारले, ‘दादा, इतकी तर आमची विक्री पण नाय झाली. हा दंड कसला?’

तीन वर्षे सलग वार्षिक कागद भरले नाहीत, तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो. २०१७ साली सरकारने देशभरात सव्वादोन लाखांच्या आसपास कंपन्यांची नावे नोंदवहीतून खोडली आणि सुमारे तीन लाख संचालकांना अपात्र ठरवले. खोडलेल्या कंपन्यांच्या बँक खात्यांचे व्यवहार थांबवायला सांगितले. त्यांत लबाडीसाठी काढलेल्या कागदी कंपन्या होत्याच, पण नुसती तारीख चुकलेलेही त्याच चाळणीत गेले.

या तिघींचे पुढे बरे झाले. एका ओळखीच्या चार्टर्ड अकाउंटंटने फी न घेता कागद करून दिले. विलंब शुल्क मात्र भरावेच लागले, एकीने कानातले मोडले. सरकार कधीमधी सवलतीची योजना काढते. २०२० साली करोनाच्या काळात अशी एक आली होती, तीत थकलेले कागद जादा शुल्काशिवाय भरता आले. पण तिच्या भरवशावर बसणे म्हणजे कर्जमाफीच्या आशेवर कर्ज काढणे. कंपनी चालवायची नसेल तर ती बंद करण्याचाही अर्ज असतो, त्याचे शुल्कच १० हजार रुपये. आमचे मत विचाराल तर दोन-चार लाखांच्या उलाढालीला प्रायव्हेट लिमिटेड काढणे म्हणजे कोंबडीला हत्तीचा माहूत ठेवणे. गट चांगला होता. एलएलपी नावाचा मधला प्रकार आहे, त्यालाही दरसाल ३० मे आणि ३० ऑक्टोबर अशा दोन तारखा पाळाव्या लागतात, तेव्हा तोही आंधळेपणाने घेऊ नये.

आता पुन्हा उसन्या नावाकडे, कारण खरे दुखणे तेथे आहे. कंपनीचे शेअर एकाच्या नावावर आणि फायदा दुसऱ्याचा असे असेल, तर २०१३ च्या कंपनी कायद्याच्या ८९व्या कलमाप्रमाणे दोघांनीही ३० दिवसांत कंपनीला तसे लिहून द्यायचे असते. नावधारकाने एमजीटी-४ मध्ये आणि खऱ्या मालकाने एमजीटी-५ मध्ये. कंपनीने ते पुढच्या ३० दिवसांत निबंधकाकडे पाठवायचे. न दिल्यास दंड ५० हजारांपासून सुरू होतो. एक गोष्ट या कलमात मोठी मार्मिक आहे. ज्या खऱ्या मालकाने घोषणा केली नाही त्याला त्या शेअरवर कायद्याने हक्क सांगता येत नाही. म्हणजे शेठ जरी म्हणाला की ‘अरे, तू नावापुरता, शेअर माझे,’ तरी कागद केला नसेल तर त्याचे बोलणे कोर्टात लंगडे पडते. शेठ मंडळींना हे ठाऊक असते. म्हणून ती आपल्या पोरांकडून आधीच कोऱ्या हस्तांतरण फॉर्मवर सही घेऊन ठेवतात. अशी सही कुणीही करू नये.

याच कायद्याचे ९०वे कलम त्याच्याही पुढे जाते. कंपनीमागे कंपनी, तिच्यामागे ट्रस्ट, अशा आडोशाने ज्याचा १० टक्के किंवा अधिक वाटा असेल, किंवा ज्याचा हुकूम चालत असेल, अशा हाडामासाच्या माणसाने ३० दिवसांत समोर येऊन सांगायचे की मी आहे. हे नियम २०१८ चे, २०१९ मध्ये सुधारलेले. एलएलपीला ते नोव्हेंबर २०२३ पासून लागू झाले. हे फक्त गरिबांनाच आहे असे समजू नका. मे २०२४ मध्ये दिल्लीच्या कंपनी निबंधकांनी याच कलमाखाली लिंक्डइन या कंपनीच्या भारतातल्या शाखेला दंड केला, आणि तिच्या मालक कंपनीचे, मायक्रोसॉफ्टचे, प्रमुख सत्या नाडेला यांना २ लाखांचा. इंग्लंडात असे नोंदपुस्तक २०१६ पासून आहे. अमेरिकेने १ जानेवारी २०२४ पासून छोट्या कंपन्यांना खरे मालक कळवायची सक्ती केली, आणि मार्च २०२५ मध्ये आपल्या देशातल्या कंपन्यांना त्यातून सूटही देऊन टाकली. तेथले छोटे दुकानदार सुटले म्हणून हसले असतील. आपल्याकडे सूट नाही, आणि आमच्या मते नसावीच. पडद्यामागचा शेठ कागदावर आला तर सर्वांत जास्त फायदा पडद्यासमोर उभ्या केलेल्या आपल्या पोरांचा आहे.

तर आमच्या पोराचे काय केले? नाव दिले ते परत घेता येते का, हाच त्याच्या आईचा प्रश्न होता. येते, पण पुढच्या दिवसापासून. मागचे देणे तसेच राहते.

पहिले काम करारनाम्याची प्रत. ठेकेदार देईना. निबंधकाकडे नोंद असलेल्या संस्थेचे कागद शुल्क भरून कुणालाही पाहता येतात आणि नक्कल मिळते, हे त्याला ठाऊक नसावे. नक्कल आली. करारात मुदत लिहिलेली नव्हती, म्हणजे ती मर्जीनुसार चालणारी भागीदारी. अशी भागीदारी कोणताही भागीदार दुसऱ्याला लेखी नोटीस देऊन विसर्जित करू शकतो, हे ४३वे कलम. दोघांचीच संस्था असल्याने एक निघाला की संस्था संपते. रजिस्टर पोस्टाने ठेकेदाराला नोटीस गेली. बँकेला वेगळे पत्र गेले की, भागीदारी मोडली आहे, माझ्या सहीचा यापुढचा कोणताही चेक वटवू नये. त्याची पोच शिक्क्यासह घेतली. जीएसटी नोंदणीतला मोबाइल नंबर बदलण्यासाठी जीएसटीच्या कार्यालयात दोन फेऱ्या झाल्या. नोंदणी रद्द करण्याचा अर्ज केला; रद्द झाल्यावर तीन महिन्यांत शेवटचे विवरणपत्र भरावे लागते, तेही टिपून ठेवले.

आणि जाहीर नोटीस. पुष्कळ जण येथे चुकतात. भागीदारी मोडल्याचे दोघांत ठरले, स्टॅम्पवर लिहिले, तरी जगाला सांगितले नाही तोवर दुसऱ्या भागीदाराने केलेल्या नव्या व्यवहारालाही तुम्ही बांधलेले राहता. जगाला सांगायचे म्हणजे तीन ठिकाणी: निबंधकाला सूचना, राजपत्रात प्रसिद्धी, आणि त्या भागात वाचल्या जाणाऱ्या एका मराठी वृत्तपत्रात नोटीस. हे ७२वे कलम. वर्तमानपत्रात कोपऱ्यात बारीक टाइपात ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की’ असे छापून येते, ते कुणी वाचत नाही असे आम्हालाही वाटत असे.

कंपनीत संचालक म्हणून अडकलेल्यांसाठी वाट थोडी निराळी आहे. राजीनामा कंपनीला लेखी द्यायचा. कंपनीने तो निबंधकाला कळवायचा असतो. ती कळवत नसेल तर संचालक स्वतः डीआयआर-११ या फॉर्मने राजीनाम्याची प्रत निबंधकाकडे पाठवू शकतो. त्याआधी पेनड्राइव्हसारखी दिसणारी ती डिजिटल सही शेठच्या ड्रॉवरमधून आपल्या ताब्यात घ्यायची. ती दुसऱ्याच्या हातात असणे म्हणजे आपला अंगठा कापून दुसऱ्याच्या खिशात ठेवणे. संचालक असतानाच्या काळातले जे काही असेल ते राजीनाम्याने पुसले जात नाही, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

आता कुणी विचारेल की, मग आपल्या तरुणांनी ५१ टक्के घ्यायचेच नाहीत काय? जरूर घ्यावेत, ते आपल्यासाठीच आहेत. ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्याशी भागीदारी करण्यातही गैर नाही. फक्त ५१ टक्के हातात आले पाहिजेत: चेकबुक आपल्या कपाटात, बँकेचा संदेश आपल्या मोबाइलवर, करारनाम्याची प्रत आपल्या घरात, आणि महिन्याच्या २० तारखेला जीएसटीचे विवरणपत्र भरले की नाही हे आपण स्वतः पाहिलेले. रसायनी भागातल्या एका आपल्या तरुणाने वाहतुकीच्या धंद्यात हे असेच केले आहे. त्याच्या भागीदाराने पहिल्याच महिन्यात कोऱ्या चेकवर सह्या मागितल्या. हा म्हणाला, ‘सही लागेल तेव्हा फोन करा, मी येतो.’ भागीदार चिडला, पण टिकला. चार वर्षे झाली, दोन टेंपोंचे पाच झाले. धंद्याचे नियम त्याला आमच्याहून जास्त पाठ आहेत. जिल्हा उद्योग केंद्र आणि समाजकल्याणचे कार्यालय दोन्ही अलिबागला. कर्जतहून जायचे तर पूर्ण दिवस मोडतो आणि मजुरी बुडते, ही तक्रार खरी आहे. चार-पाच जणांनी मिळून एक दिवस ठरवून जावे, आम्ही सोबत येऊ.

खोपोलीच्या पोराचे प्रकरण संपलेले नाही. जीएसटी खात्याने सुनावणीची तारीख दिली आहे. विसर्जनाची नोटीस मिळाल्यावर ठेकेदार धावत आला, आणि बँकेशी तडजोडीची बोलणी आता तो स्वतः करतो आहे, कारण ते खाते थांबल्याने त्याचे एका कारखान्याकडचे बिल अडकले. तडजोड होईल तेव्हा खरी. पोरगा सध्या दुसऱ्याची रिक्षा शिफ्टवर चालवतो.

जाहीर नोटीस छापून आली त्या दिवशी माउलीने त्या अंकाच्या दोन प्रती आणल्या होत्या. एक आम्हाला दिली. दुसरीतले ते कात्रण तिने आमच्यासमोरच कात्रीने कापले, घडी न पाडता वहीत ठेवले, आणि विचारले, ‘हे जातीच्या दाखल्याच्या फाइलीत ठेवू का वेगळं ठेवू?’ आम्ही सांगितले, त्याच फाइलीत ठेवा.